हायडेलबर्गचा पडका किल्ला आणि त्याचे पाहुणे

जर्मनीतल्या हायडेलबर्गला जायचे ठरले की सहलीचा आराखडा जवळजवळ आपोआप तयार होतो. फ्रँकफर्टच्या विमानतळावर उतरायचे, तासाभरात नेकर नदीकाठच्या या गावात पोचायचे, फ्युनिक्युलरने वर जाऊन पडका किल्ला बघायचा, तळघरातल्या अवाढव्य लाकडी पिंपासमोर फोटो काढायचा, खाली उतरून जुन्या पुलावर फेरी मारायची, वेळ उरलाच तर विद्यापीठाची विद्यार्थ्यांसाठीची कोठडी, आणि संध्याकाळच्या गाडीने पुढचे गाव. प्रवासी कंपनी मुंबईची असो की टोकियोची, क्रम फारसा हलत नाही. तो सोयीतून आला असावा असे वाटते, पण त्याचा पायंडा एकोणिसाव्या शतकात पडला. चित्रकार, कवी, चित्रांचे छापील कागद विकणारे आणि आगगाडीने येणारे हौशी प्रवासी यांनी मिळून तो पाडला. माझे म्हणणे याहून थोडे पुढचे आहे. या मंडळींनी फक्त काय पाहावे हे ठरवले असे नाही. जो पडका किल्ला पाहायला आपण जातो तो आज पडका, तरीही उभा आहे, तोही मुख्यतः पाहणाऱ्यांमुळेच. हे पटले तर या गावात काय पाहायचे आणि कोणत्या क्रमाने, हा प्रश्न नव्याने विचारावा लागतो.

आधी किल्ला पडका कसा झाला ते पाहू. हायडेलबर्ग ही फाल्त्स राज्याची राजधानी होती आणि तिथला राजा हा सम्राटाची निवड करणाऱ्या मोजक्या सत्ताधीशांपैकी एक, म्हणजे इलेक्टर, होता. रूपरेश्त पहिला या इलेक्टरने १३८६ मध्ये इथे विद्यापीठ काढले. आजच्या जर्मनीतले ते सर्वांत जुने. डोंगरउतारावरच्या किल्ल्यात पुढे एकेका पिढीने आपापला महाल जोडला. ओटहाइनरिशने १५५० च्या दशकात रेनेसाँच्या वळणाचा महाल बांधायला घेतला; फ्रीडरिश चौथ्याने १६०१ ते १६०७ या काळात शेजारी दुसरा उभा केला आणि त्याची दर्शनी भिंत पूर्वजांच्या पुतळ्यांनी भरून टाकली. फ्रीडरिश पाचव्याने १६१३ मध्ये इंग्लंडच्या राजाची मुलगी एलिझाबेथ स्टुअर्ट हिच्याशी लग्न केले, सालोमन द कोस या फ्रेंच कारागिराकडून डोंगर कापून, पायऱ्यापायऱ्यांची मोठी बाग करायला घेतली, आणि १६१९ मध्ये बोहेमियाचा मुकुट स्वीकारून होते नव्हते ते सगळे घालवले. पुढच्या वर्षी प्रागजवळच्या लढाईत त्याचा पराभव झाला. बाग कधीच पुरी झाली नाही. १६२२ मध्ये सेनापती तिलीच्या कॅथलिक फौजेने हायडेलबर्ग घेतले, आणि युरोपातल्या उत्तमांत गणले जाणारे तिथले ग्रंथालय पुढच्याच वर्षी खेचरांवर लादून रोमला, पोपकडे रवाना झाले.

खरा घाव मात्र पुढचा. १६८५ मध्ये इलेक्टरांचा वंश खुंटला आणि फ्रान्सच्या चौदाव्या लुईने आपल्या भावजयीच्या, म्हणजे फाल्त्सच्याच राजकन्येच्या नावाने वारसाहक्क सांगितला. हक्कापायी युद्ध झाले. फ्रेंच सैन्याने १६८९ मध्ये किल्ल्याचा काही भाग उडवला, गावाला आग लावली, आणि १६९३ मध्ये परत येऊन राहिलेले काम पुरे केले. किल्ल्याचे बुरूज सुरुंगांनी फोडले. त्यांपैकी एकाचा निम्मा भाग अखंड भिंतीसकट खंदकात कोसळला आणि आजही तसाच आडवा पडून आहे. विजयाच्या आठवणीसाठी लुईने हायडेलबर्ग पुसून टाकल्याचे सांगणारे पदकही पाडून घेतले. १५९२ चे ‘रिटर’ हे घर ज्या थोड्या इमारतींनी या आगीतून तग धरला त्यांपैकी एक. बाकीचे गाव जुन्याच गल्ल्यांच्या आखणीवर, पण अठराव्या शतकातल्या बरोक धाटणीने पुन्हा उठले. म्हणून ‘मध्ययुगीन गाव’ पाहायला म्हणून इथे येणाऱ्याने एक गोष्ट निघण्याआधीच जाणून घ्यावी: त्याला जे दिसेल त्यातले बहुतेक आपल्याकडच्या पेशवाईच्या काळातले आहे.

गाव उठले तसा किल्लाही उठला असता. तो का उठला नाही याची कारणे अगदी संसारी आहेत. बाजारचौकातल्या मोठ्या चर्चमध्ये मधे भिंत घालून एका बाजूला प्रोटेस्टंट आणि दुसऱ्या बाजूला कॅथलिक अशी वाटणी झाली होती. सगळे चर्च आपल्याला मिळावे म्हणून कॅथलिक इलेक्टर कार्ल फिलिपने जोर लावला, गावकरी बधले नाहीत, तेव्हा चिडून त्याने १७२० मध्ये दरबारच मानहाइमला हलवला. (ती भिंत १९३६ मध्ये निघाली.) त्याच्यानंतरच्या कार्ल थिओडोरने किल्ल्यात पुन्हा मुक्काम करायचे मनात आणले, तर १७६४ मध्ये वीज पडून महाल जळाले. त्यानंतर किल्ला ही दगडांची खाण झाली. श्वेत्झिंगेनच्या राजवाड्याच्या कामासाठीसुद्धा त्याचे दगड गेले. १८०३ मध्ये गाव बाडेन राज्यात आले तेव्हा नव्या सरकारच्या लेखी ही वास्तू म्हणजे एक डोकेदुखी होती. युद्धाने आणि विजेने भग्नावशेष तयार केले हे खरे, पण भग्नावशेष आपोआप टिकत नाहीत. जगात बहुतेक ठिकाणी ते शेजारच्या घरांच्या पायात जातात, आणि हायडेलबर्गही त्याच वाटेने चालले होते.

वाट बदलली ती पाहणाऱ्यांनी. ग्योथेने १७७९ मध्येच त्या फुटक्या बुरुजाचे चित्र काढले होते. १८०० च्या सुमारास ह्योल्डरलिनने गावावर कविता लिहिली, आणि १८०५ ते १८०८ दरम्यान आर्निम आणि ब्रेंटानो यांनी इथे राहून जर्मन लोकगीतांचा मोठा संग्रह काढला. पण कवींच्या भावनेने भिंती राहत नाहीत. त्यासाठी कोणीतरी हटून बसावे लागते. तो माणूस शार्ल द ग्रेंबेर. हा फ्रेंच राज्यक्रांतीत देशाबाहेर पडलेल्या सरदारी घराण्यातला. १८१० मध्ये चित्रकला शिकायला हायडेलबर्गला आला आणि १८६४ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. फ्रेंचांनी फोडलेला किल्ला एका फ्रेंचाने सांभाळावा यात काव्यात्म न्याय शोधण्याचा मोह अनेकांना झाला आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्याची पद्धत. दगड न्यायला येणाऱ्यांवर तो स्वतःच पहारा करी. किल्ल्याची बारकाईने चित्रे काढून त्यांच्या छापील प्रती येणाऱ्याजाणाऱ्यांना विकी. या चित्रांनी किल्ला युरोपभरच्या दिवाणखान्यांत पोचवला. किल्ल्याची मार्गदर्शक पुस्तिकाही त्याने लिहून घेतली. खोदकामात आणि लिलावांत सापडेल ती जुनी वस्तू गोळा केली, आणि तो संग्रह १८७९ मध्ये नगरपालिकेने विकत घेतला. गावातल्या आजच्या कुरफाल्त्स संग्रहालयाचा पाया तोच. यात राखण, प्रचार आणि विक्री या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. चित्र विकले की प्रवासी येतो, प्रवासी आला की पडक्या भिंतीला किंमत येते, आणि किंमत आली की सरकारलाही दगड विकणे परवडत नाही.

पुढचे चाक मग वेगाने फिरले. १८४० मध्ये मानहाइमहून आगगाडी आली. बाडेनमधली ती पहिली. लंडनचे मरे आणि कोब्लेन्ट्सचे बेडेकर (आडनाव घरचे वाटले तरी माणूस ऱ्हाइनकाठचा) यांच्या प्रवासी पुस्तकांनी इंग्रजांना आणि जर्मनांना वाट दाखवली. टर्नरने किल्ला रंगवला, व्हिक्टर ह्यूगो येऊन गेला, १८७८ च्या उन्हाळ्यात मार्क ट्वेनने इथे मुक्काम ठोकला आणि दोन वर्षांनी आलेल्या त्याच्या प्रवासाच्या पुस्तकात हायडेलबर्गने बरीच पाने घेतली. १८९० मध्ये किल्ल्यापर्यंत फ्युनिक्युलर झाली. तळघरातले १७५१ चे पिंप तर केवळ पाहण्यासाठीच आहे की काय असे वाटावे: सुमारे दोन लाख वीस हजार लिटर दारू मावेल एवढे त्याचे पोट, पण ते भरलेले असे क्वचितच. ज्या किल्ल्यातून युरोपला हेवा वाटावा असे ग्रंथालय गेले, तिथे सर्वांत जास्त गर्दी एका रिकाम्या पिंपाभोवती असते. प्रवाशांच्या आवडीविषयी यापेक्षा कडवट बोलायची गरज नाही.

यावर एक आक्षेप सरळ येईल. पाहणाऱ्यांनी किल्ला पाडण्यापासून वाचवला हे मान्य, पण तो ‘पडका’ ठेवण्याचा निर्णय तर तज्ज्ञांचा होता. हौशी प्रवाशांना त्याचे श्रेय कशाला? आक्षेपात तथ्य आहे, म्हणून ही हकीकत नीट पाहायला हवी. १८७१ मध्ये जर्मनी एक झाली, फ्रान्सवर विजय मिळाला, आणि फ्रेंचांनी फोडलेला किल्ला पुन्हा उभारणे हा राष्ट्रीय अभिमानाचा मुद्दा झाला. बाडेन सरकारने १८८३ मध्ये किल्ल्यासाठी खास बांधकाम कचेरी उघडली. युलिउस कोख आणि फ्रिट्स झाइट्स यांनी दगडन् दगड मोजून नकाशे केले. १८९१ मध्ये देशभरच्या तज्ज्ञांची समिती बसली आणि तिने निष्कर्ष काढला की पुनर्बांधणी शक्य नाही; आहे ते जपावे. तरीही कार्ल शेफर या वास्तुविशारदाने फ्रीडरिशचा महाल १८९७ पासून पुन्हा बांधून काढला, आतले दालन आपल्या कल्पनेने नटवले, आणि मग ओटहाइनरिशच्या महालावरही छप्पर चढवायची योजना पुढे आली. त्या महालाचे मूळ छप्पर नेमके कसे होते यावरच अभ्यासकांत एकमत नव्हते. तेव्हा कला-इतिहासाचे प्राध्यापक गेओर्ग देहिओ यांनी १९०१ मध्ये हायडेलबर्गच्या किल्ल्याचे पुढे काय होणार, असा प्रश्न विचारणारी पुस्तिका काढली. त्यांचा सूर असा की जे गेले ते गेले. अंदाजाने उभारलेली नवी भिंत म्हणजे आपल्याच काळाचे काम जुन्याच्या नावावर खपवणे, आणि त्यात खरे जुने आहे तेही बिघडते. वाद वर्षानुवर्षे चालला, आणि ओटहाइनरिशच्या महालाला छप्पर चढले नाही. जपणूक हवी, पुनर्निर्मिती नको, हे आज जगभर मानले जाणारे तत्त्व ज्या भांडणांतून घडले त्यांतले हे एक मोठे.

आता आक्षेपाचे उत्तर. देहिओंचा तर्क विद्वत्तेचा होता, पण तो लोकांना पटला याचे कारण विद्वत्ता नव्हे. ज्या देशाला त्या आभाळ दिसणाऱ्या खिडक्यांची चित्रे शंभर वर्षे पाहून सवय झाली होती, त्याला नवे कोरे छप्पर असलेला किल्ला परका वाटला असता. राष्ट्रवादाच्या ऐन भरात पुनर्बांधणीला रोखू शकेल असे दुसरे बळ कोणते होते? सरकारकडे पैसा होता, वास्तुविशारद हाताशी होता, राजकीय इच्छाही होती. तज्ज्ञांनी निकाल दिला. पण त्या निकालाला जनमत आधीच अनुकूल करून ठेवले होते ते ग्रेंबेरच्या छापील चित्रांनी आणि बेडेकर हातात धरून डोंगर चढणाऱ्यांनी. योगायोग असा की देहिओंनीच १९०५ पासून जर्मन वास्तूंची हस्तपुस्तके काढायला सुरुवात केली, आणि ती त्यांच्याच नावाने आजही नव्या आवृत्त्यांत निघतात. म्हणजे पाहुणा आणि पंडित यांच्यातली रेघ वाटते तितकी ठळक नाही.

याच कारणासाठी किल्ल्याच्या अंगणात घाई करू नये. उत्तरेला शेफरने सावरलेला फ्रीडरिशचा महाल: छपरासह पुरा, नीटनेटका, दर्शनी भिंतीवरच्या पुतळ्यांच्या प्रती, मूळ पुतळे आत ठेवलेले. पूर्वेला ओटहाइनरिशचा महाल: कोरीव भिंत तेवढी उभी, वरच्या मजल्याच्या खिडक्यांतून आकाश. जुन्या वास्तूचे काय करावे या प्रश्नाची १९०० च्या आसपासची दोन्ही उत्तरे एकाच अंगणात, हाकेच्या अंतरावर उभी आहेत. अशी जागा युरोपात विरळा. तिथे अर्धा तास थांबणे पिंपाच्या रांगेत अर्धा तास उभे राहण्यापेक्षा केव्हाही बरे.

दुसरा आक्षेप विद्यापीठवाल्यांचा. त्यांच्या मते किल्ला म्हणजे पाहुण्यांसाठीचा देखावा; खरे हायडेलबर्ग म्हणजे १८५९-६० मध्ये वर्णपट-विश्लेषणाचा पाया घालणारे बुन्सेन आणि किर्शहोफ, समाजशास्त्राला वळण देणारा माक्स वेबर, आणि रोमहून १८१६ मध्ये परत मिळालेली ८४७ जर्मन हस्तलिखिते. हे सगळे खरे, आणि आपल्या दृष्टीने तर त्याला एक जादा बाजू आहे. १९०७ मध्ये मुहम्मद इक्बाल जर्मन शिकायला इथे राहिले. नेकरकाठचा एक रस्ता त्यांच्या नावाचा आहे. १९६२ मध्ये विद्यापीठात दक्षिण आशिया संस्था निघाली आणि तिथेच ग्युंथर झोंटहाइमर यांनी महाराष्ट्रातल्या धनगरांवर, बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या दैवतांवर आयुष्यभर काम केले. खंडोबाविषयी गंभीर अभ्यास करणाऱ्याला आजही जेजुरीइतकेच हायडेलबर्गच्या ग्रंथालयाचे नाव ठाऊक असावे लागते. पण विद्यापीठ आणि देखावा हे वेगळे काढता येत नाहीत. १९०१ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘आल्ट-हायडेलबर्ग’ या नाटकाने आणि त्यावरून १९२४ मध्ये अमेरिकेत निघालेल्या संगीतिकेने इथल्या विद्यार्थ्यालाच प्रेक्षणीय वस्तू केले. पहिल्या महायुद्धापर्यंत चालू असलेली विद्यापीठाची कोठडी, भिंतीभर काजळीची चित्रे असलेली, आज तिकीट लावून दाखवतात. शिक्षा भोगताना ती चित्रे काढणाऱ्या पोरांनाही आपण एका प्रसिद्ध गावातले आहोत याची चांगलीच जाणीव असणार.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. दुसऱ्या महायुद्धात मानहाइमची राखरांगोळी झाली आणि हायडेलबर्ग जवळजवळ शाबूत राहिले. हे काही चित्रकारांचे श्रेय नव्हे. अमेरिकनांना हे गाव आवडत होते म्हणून त्यांनी ते सोडले, ही कथा वाटाडे रंगवून सांगतात. ती पुराव्याअभावी सोडून द्यावी. जड कारखाने नसलेले लहान विद्यापीठ-गाव बॉम्बफेकीच्या यादीत खाली असणे यात गूढ काही नाही. जुना पूल तर शत्रूने नव्हे, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानेच २९ मार्च १९४५ ला फोडला. १७८८ च्या त्या पुलाच्या कमानी दोन वर्षांत पुन्हा जोडल्या गेल्या. तेव्हा माझा दावा किल्ल्यापुरता, फार तर गावाच्या प्रतिमेपुरता. आणि प्रतिमेची एक किंमतही मोजावी लागते. सुंदर चित्रात न बसणारे मागे पडते. १९३१ च्या नव्या विद्यापीठ इमारतीच्या दारावरचा ‘जिवंत चैतन्याला’ हा ज्यू घराण्यातल्या फ्रीडरिश गुंडोल्फने सुचवलेला शिलालेख नाझींनी बदलून ‘जर्मन चैतन्याला’ असा केला. युद्धानंतर मूळ शब्द परत लागले. जुन्या भागातले सिनेगॉग नोव्हेंबर १९३८ मध्ये जाळले गेले, तिथे आता मोकळा चौक आहे. २२ ऑक्टोबर १९४० ला बाडेनमधल्या इतर ज्यूंबरोबर इथल्याही ज्यूंना फ्रान्समधल्या ग्यूर्सच्या छावणीत पाठवण्यात आले. किल्ल्याकडे जाणाऱ्या गर्दीपैकी फार थोडे लोक त्या चौकाकडे वळतात.

एवढे सगळे मांडल्यावर आराखड्याकडे वळू. दिवस एकच असेल तर किल्ला सकाळी लवकर गाठावा. तिकिटात फ्युनिक्युलर, अंगण, पिंप आणि औषधालयाचे संग्रहालय एकत्र येते, तर अर्धवट राहिलेल्या बागेत फिरायला तिकीट लागत नाही. अंगणातले दोन महाल आणि खंदकात आडवा पडलेला बुरूज यांना वेळ द्यावा, पिंपाला कमी. दुपारी कुरफाल्त्स संग्रहालय, तिथून नव्या विद्यापीठाचे दार आणि सिनेगॉगचा चौक; ही तिन्ही ठिकाणे चालत जाण्याच्या टप्प्यात आहेत. मग जुना पूल ओलांडून समोरच्या तीरावर चढायचे. गावाचे प्रसिद्ध चित्र जिथून दिसते तो ‘तत्त्ववेत्त्यांचा रस्ता’ तिथे आहे, आणि किल्ल्याच्या तांबड्या दगडावर मावळतीकडचे ऊन पडते तेव्हा चित्रकारांनी हीच बाजू का निवडली ते वेगळे सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात येणाऱ्याने रोषणाईच्या तारखा आधी पाहाव्यात: वर्षातून तीनदा किल्ला लाल उजेडात पेटल्यासारखा दाखवतात, आतषबाजी होते, आणि फ्रेंचांची आग व १७६४ ची वीज हा आता संध्याकाळचा कार्यक्रम आहे. गर्दी टाळायची तर त्या रात्री टाळाव्यात. पाहणाऱ्यांनी किल्ल्याचे काय केले ते पाहायचे असेल तर मुद्दाम त्याच रात्री जावे.

दुसरा दिवस हाताशी असेल तर त्याच तीरावरून आणखी वर, हायलिगेनबर्ग डोंगरावर जावे. चढ दमवणारा आहे, बूट चांगले हवेत. वर केल्ट लोकांच्या जुन्या तटबंदीच्या खुणा आहेत, मिखाएल मठाचे अवशेष आहेत, आणि त्यांच्या मधोमध नाझी राजवटीने बांधलेले, १९३५ मध्ये गोबेल्सच्या हस्ते उघडलेले दगडी पायऱ्यांचे प्रचंड खुले सभागृह आहे. तेही एक भग्नावशेषच, पण खालच्या किल्ल्यासारखी त्याची चित्रे कुणी दिवाणखान्यात लावली नाहीत. ते पाडावे, सांभाळावे की झाडीत बुडू द्यावे याविषयी देहिओंच्या पुस्तिकेत उत्तर मिळत नाही.